घोडा धावतो आणि डोळे भरून येतात

घोड्यांची शर्यत पाहताना घरातील वृद्धाच्या डोळ्यांत पाणी आले, की माणसे गोंधळतात. पैसा लावलेला नाही, कोणी हरलेले नाही. मग रडणे कशाचे? जव्हारच्या माझ्या दवाखान्यात मोखाड्याकडील पंचाहत्तरीच्या एका आजोबांना मुलाने याच तक्रारीसाठी आणले होते. तरुणपणी आजोबा मुंबईला गिरणीत होते. महालक्ष्मी रेसकोर्सच्या कुंपणाबाहेरून त्यांनी स्क्वाँडररला धावताना पाहिले होते. १९ शर्यतींपैकी १८ जिंकणारा तो घोडा! आता नातवाच्या मोबाइलवर ते अमेरिकेच्या सेक्रेटेरिएटची शर्यत पुनःपुन्हा पाहत आणि रडत. मुलाने घाबरून मोबाइल काढून घेतला होता.

ती शर्यत ९ जून १९७३ची. दीड मैलाचे अंतर सेक्रेटेरिएटने २ मिनिटे २४ सेकंदांत कापले आणि दुसऱ्या घोड्याला ३१ लांबी मागे टाकले. विजय केव्हाच निश्चित झाला होता, तरी तो आघाडी वाढवत राहिला. घरी एकट्याने ती शर्यत पाहताना गोल्फपटू जॅक निकलसलाही रडू आले होते. माझ्या मते त्या ‘तरी’मध्येच अश्रूंचे कारण आहे. एखादा जीव आपले सर्वस्व ओततो, तेव्हा पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, गळा दाटतो आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूंबरोबर जाणारे तंतू अश्रुग्रंथीला जागे करतात. हा आजार नव्हे. (१९८९मध्ये शवविच्छेदन करणाऱ्या पशुवैद्यांनी सेक्रेटेरिएटचे हृदय सुमारे १० किलोंचे, म्हणजे सामान्य घोड्याच्या दुपटीहून मोठे असावे, असा अंदाज केला, प्रत्यक्ष वजन केले नव्हते. माणसाचे हृदय वाढणे मात्र बहुधा दुखणेच असते!)

आजोबांची झोप, भूक उत्तम होती. रडून झाल्यावर ते उत्साहाने बोलत. मी मोबाइल परत द्यायला सांगितला.

परंतु सर्वच अश्रू असे नसतात. पक्षाघात होऊन गेलेल्या व्यक्तीला काही वेळा क्षुल्लक निमित्ताने एकाएकी रडू कोसळते, नको तेथे हसू येते आणि ते आवरत नाही. मनात तेवढे दुःख नसते. भावनांना आवर घालणारे मेंदूतील मार्ग दुखावलेले असतात. अशा वेळी ‘लहान मुलासारखे काय रडता’ असे कृपया म्हणू नका. यावर औषधे आहेत. डॉक्टरांना अवश्य सांगा.

खिन्नतेची खूण याहून वेगळी. पूर्वी जे आवडत असे, भजन असो, बोहाडा असो, नातवंडे असोत, त्यात दोन आठवड्यांहून अधिक काळ रस उरत नाही; अन्न जात नाही, पहाटे जाग येते. ‘आता जगून काय करायचे’ असे शब्द ऐकू आले, तर आपल्या रुग्णास एकटे ठेवू नका. त्याच दिवशी जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

आणि शर्यत पाहताना छाती आवळली, घाम फुटला, दम लागला, तर ते भावनेवर ढकलू नका. तत्काळ १०८ला दूरध्वनी करा.