चित्र छान आहे, मग काम का मिळत नाही? फ्रीलान्स कन्सेप्ट आर्टिस्टसाठी व्यवसायाचं साधं गणित



आपल्या चॅनेलवर आपण बहुतेक वेळा दुकान, केटरिंग, वर्कशॉप अशा धंद्यांबद्दल बोलतो. आजचा धंदा जरा वेगळा आहे. माल दिसत नाही, गोडाऊन लागत नाही, भांडवल म्हणजे एक कॉम्प्युटर, एक पेन टॅबलेट आणि तुमचा हात. पण धंदा तो धंदाच, आणि त्याचे नियमही तेच.

तुम्ही चांगली चित्रं काढता. इन्स्टाग्रामवर लाइक येतात. घरच्यांनी एक वर्ष दिलंय, "बघ काय जमतंय ते, नाहीतर नोकरी शोध." त्यातले सहा महिने संपलेत. पन्नास स्टुडिओंना मेल गेले, उत्तर दोघांचं आलं आणि तेही "सध्या गरज नाही" असं. अशा वेळी मनात पहिला विचार येतो की आपलं चित्रच कमी पडतंय, आणि माणूस अजून एक कोर्स लावतो. थांबा. कोर्सची फी भरण्याआधी हा लेख पूर्ण वाचा.

स्टुडिओ नेमकं काय विकत घेतो?

एक जुनं उदाहरण घेऊ. राल्फ मॅकक्वॉरी हा माणूस बोइंग या विमान कंपनीत तांत्रिक चित्रं काढायचा. 1975 च्या सुमारास जॉर्ज लुकासने त्याला आपल्या नव्या सिनेमासाठी चित्रं काढायला बोलावलं. लुकासकडे पटकथा होती, पण ती वाचून सिनेमा डोळ्यांसमोर येणं अवघड होतं. मॅकक्वॉरीची चित्रं फॉक्स स्टुडिओच्या लोकांना दाखवली गेली आणि सिनेमावर पैसे लावायला त्यांना राजी करण्यात त्या चित्रांचा मोठा हात होता. 1977 साली आलेला तो सिनेमा म्हणजे 'स्टार वॉर्स'.

आता यातला महत्त्वाचा भाग बघा. पटकथेत खलनायक डार्थ व्हेडर एका यानातून दुसऱ्या यानात अवकाशातून जाणार होता. मॅकक्वॉरीच्या मनात प्रश्न आला, मग हा माणूस तिथे श्वास कसा घेणार? म्हणून त्याने श्वासाचा मुखवटा चढवला. आज जगातलं लहान पोरही ज्या चेहऱ्याला ओळखतं, तो या एका साध्या प्रश्नातून आला.

मित्रांनो, स्टुडिओ याचे पैसे देतो. सुंदर चित्राचे पैसे गॅलरी देते. स्टुडिओला हवं असतं प्रश्नाचं उत्तर, जे बघून पुढचा माणूस कामाला लागेल. तुमच्या चित्रानंतर थ्रीडी मॉडेलर बसलाय, सेट बांधणारा बसलाय, कपडे शिवणारा बसलाय. तुमचं चित्र बघून त्याला तीन वेळा फोन करावा लागला, तर चित्र कितीही देखणं असो, स्टुडिओच्या दृष्टीने ते महाग पडलं.

म्हणून आजचं एकच सूत्र लिहून घ्या: पुढच्या माणसाचं काम सोपं करा. पोर्टफोलिओ, मेल, दर, बिल, सगळीकडे हेच सूत्र लावायचं आहे.

पोर्टफोलिओ: वीस सुटी चित्रं नकोत, एक पूर्ण काम हवं

बहुतेक नवीन आर्टिस्टचा पोर्टफोलिओ कसा असतो? एक ड्रॅगन, एक सामुराई, एक रोबोट, दोन फॅन आर्ट, एक सूर्यास्त. सगळी चित्रं चकाचक, पण आर्ट डायरेक्टरला त्यातून कळत काहीच नाही. हा माणूस ब्रीफ वाचू शकतो का? दहा पर्याय देऊ शकतो का? की त्याला एकदाच काहीतरी जमून गेलं?

त्याऐवजी एक छोटं जग निवडा आणि ते पूर्ण करा. समजा, सतराव्या शतकातलं कोकणातल्या खाडीवरचं एक बंदर. त्यात एक गलबत आणि त्याचा तांडेल. आता मॅकक्वॉरीसारखे प्रश्न विचारा. हा माणूस दिवसभर खाऱ्या पाण्यात भिजतो, मग त्याच्या अंगावर काय टिकेल? दोर ओढताना हात मोकळे हवेत, मग सुरी कुठे खोचली असेल? पावसाळ्यात गलबत किनाऱ्यावर ओढून ठेवतात, तेव्हा हा काय करतो?

मग पोर्टफोलिओत हे सगळं या क्रमाने दाखवा:

1. तीन-चार ओळींचा ब्रीफ. म्हणजे प्रश्न काय होता.
2. पंधरा-वीस छोटी काळी-पांढरी रेखाटनं. फक्त आकार, तपशील नाही.
3. त्यातले निवडलेले तीन पर्याय आणि ते का निवडले याची एक-एक ओळ.
4. अंतिम डिझाइन.
5. तेच पात्र समोरून, बाजूने आणि मागून. मॉडेलरला पाठ लागतेच, आणि नवीन लोक पाठ कधीच काढत नाहीत!
6. सुटे भाग मोठे करून: पट्टा, गाठ, सुरीची मूठ. कुठे कातडं, कुठे लाकूड, कुठे गंजलेलं लोखंड, हे बाणाने लिहा.

असे दोन-तीन प्रकल्प पुरेसे आहेत. साधनांसाठी अडून राहू नका. ब्लेंडर आणि क्रिता ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि व्यावसायिक कामात वापरली जातात.

कुणाकडे जायचं?

सगळ्यांची नजर मोठ्या नावांवर असते. तिथेही जरूर अर्ज करा. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ आहे, सुपरगेमिंगही पुण्यातलीच. पण फ्रीलान्सरची खरी गरज बऱ्याचदा छोट्या टीमला असते, कारण बारा महिने पगारी आर्टिस्ट ठेवणं त्यांना परवडत नाही. 2020 साली आलेला 'राजी' हा गेम आठवतोय? राजस्थानी वास्तू आणि पहाडी चित्रशैलीवर उभा असलेला हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या टीमने बनवला. आपल्या मातीतलं डिझाइन जगात चालतं, याचा हा घरचा पुरावा.

यांच्याशिवाय जाहिरात फिल्म बनवणारे, ॲनिमेशन स्टुडिओ, वेब सिरीजची पिच तयार करणारे निर्माते, बोर्ड गेमवाले, पुस्तकांची मुखपृष्ठं करून घेणारे प्रकाशक यांचीही यादी करा. तीस नावं काढा. प्रत्येकाचं अलीकडचं एक काम नीट बघा. मग मेल लिहा, आणि तो पाच ओळींच्या पुढे जाऊ देऊ नका:

- तुमचं कोणतं काम बघितलं
- मी काय करतो (पात्रं, ठिकाणं की वस्तू, "सगळं करतो" लिहू नका)
- तुमच्या कामाशी जुळणारा माझा एक प्रकल्प, थेट लिंक
- कधीपासून मोकळा आहे
- नाव, फोन नंबर

बारा एमबीची फाइल जोडून मेल जड करू नका. समोरचा माणूस मीटिंगला जाता जाता मोबाइलवर बघणार आहे. पुढच्या माणसाचं काम सोपं करा! उत्तर नाही आलं तर साधारण तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, तीही नवीन काम जोडून. "सर, बघितलं का?" एवढंच विचारणाऱ्या मेलला उत्तर देण्यासारखं काही नसतं.

काही स्टुडिओ आधी आर्ट टेस्ट देतात. एक-दोन दिवसांची, काल्पनिक विषयावरची टेस्ट असेल तर करा. पण टेस्ट आठवडाभराची असेल, किंवा त्यांच्या चालू प्रोजेक्टचंच काम असेल, तर नम्रपणे विचारा, "याचं मानधन काय असेल?" विचारल्याने चांगला क्लायंट पळत नाही.

दर कसा काढायचा?

"मार्केटमध्ये काय रेट चाललाय?" हा प्रश्न नंतरचा. आधी स्वतःचा खर्च मांडा. आकडे उदाहरणादाखल घेतोय, तुम्ही तुमचे घाला.

घरखर्च 30,000 रुपये. सॉफ्टवेअर, वीज, इंटरनेट, टॅबलेट-कॉम्प्युटरची झीज मिळून 6,000. रिकाम्या महिन्यांसाठी बाजूला 12,000. एकूण 48,000 रुपये महिना.

आता महिन्यात कामाचे दिवस बावीस धरले, तरी त्यातले मेल, मीटिंग, पोर्टफोलिओ आणि वसुलीत बरेच जातात. बिल लावता येतील असे बारा दिवस धरा. 48,000 भागिले 12, म्हणजे दिवसाला 4,000 रुपये. एका पात्राला पाच दिवस लागत असतील तर 20,000 च्या खाली घेतलेलं काम तुम्ही खिशातून पैसे घालून करताय. मार्केटचा रेट याच्या खाली असेल तर दोनच मार्ग आहेत: काम लवकर करायला शिका, नाहीतर क्लायंट बदला. रडत बसणं हा तिसरा मार्ग नाही.

कागद पक्का, तर नातं पक्कं

काम सुरू करण्याआधी एका पानावर, निदान मेलवर, या गोष्टी लिहून घ्या:

- नेमकं काय देणार: किती पात्रं, किती पर्याय, कोणती फाइल
- किती वेळा बदल करून देणार. त्यानंतरच्या बदलाचा वेगळा दर
- ॲडव्हान्स किती, बाकी कधी
- काम मध्येच बंद पडलं तर झालेल्या कामाचे पैसे
- चित्र पोर्टफोलिओत कधी दाखवता येईल

शेवटच्या मुद्द्याकडे लक्ष द्या. स्टुडिओ बहुतेक वेळा गुप्ततेचा करार करतात. गेम किंवा सिनेमा बाहेर येईपर्यंत चित्र दाखवता येत नाही, आणि त्याला दोन-तीन वर्षंही लागू शकतात. प्रोजेक्ट बंद पडला तर ते कायमचं कपाटात जातं. शिवाय 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या पेंटिंगचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम करून घेणाराच ठरतो. म्हणून परवानगी आधीच लेखी घ्या. आणि वर्षातून एक प्रकल्प स्वतःसाठी करा, म्हणजे दाखवायला हातात कायम काहीतरी राहील.

पैसे वसूल करायचे कसे?

आपल्या धंद्यातला हा सगळ्यात नाजूक विषय. मराठी माणूस इथे संकोच करतो.

पहिलं काम: उद्यम नोंदणी करा. ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटची गरज नाही. 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार, नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे भारतातल्या खरेदीदाराला ठरलेल्या तारखेला द्यावे लागतात, आणि ती तारीख 45 दिवसांच्या पुढे नेता येत नाही. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. नोंदणी काम घेण्याआधी करा आणि नंबर बिलावर छापा. भांडायची वेळ बहुधा येणारच नाही; अकाउंट्सवाल्याला तो नंबर दिसला की पुरे.

दुसरं: भारतीय कंपनी व्यावसायिक फीवर साधारण 10 टक्के टीडीएस कापते. 60,000 च्या बिलाचे 54,000 आले तर घाबरू नका. कापलेले 6,000 तुमच्या पॅनवर जमा असतात, रिटर्न भरताना ते हिशेबात येतात.

तिसरं: महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते. परदेशी क्लायंटची बिलंही या उलाढालीत धरली जातात. तिथपर्यंत पोचलात की सीए गाठा, आणि पोचलात म्हणून पेढेही वाटा!

एआय आणि एकाच क्लायंटचा धोका

"सर, एआयने आमचं काम खाल्लं का?" खोटा धीर देणार नाही. झटपट 'मूड' दाखवणारी चित्रं आता क्लायंट स्वतःच बनवतो, आणि ते काम कमी होत चाललंय. पण पात्राची पाठ, पट्ट्याची गाठ, बदल सांगितल्यावर नेमका तेवढाच बदल, आणि "हे असं का?" या प्रश्नाचं उत्तर, यासाठी माणूस लागतो. स्टीमवर गेम विकणाऱ्यांना जानेवारी 2024 पासून एआयचा वापर जाहीर करावा लागतोय. त्यामुळे काम देताना "एआय वापरलंय का?" असं विचारलं जाईल. उत्तर खरं द्या आणि मधली रेखाटनं, लेयर असलेली फाइल जपून ठेवा. ती तुमच्या मेहनतीची पावती आहे.

दुसरा धोका जुनाच आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये टेक्निकलर हा जगभर पसरलेला व्हीएफएक्स समूह कोसळला. भारतात बंगळुरू आणि मुंबईतही चांगले, अनुभवी लोक एका रात्रीत घरी बसले. त्यात त्यांच्या कौशल्याचा काहीच दोष नव्हता. म्हणून एका क्लायंटकडून निम्म्याहून जास्त उत्पन्न येऊ लागलं की आनंदासोबत सावधही व्हा, आणि त्याच महिन्यात तीन नवीन मेल पाठवा.

या महिन्याचा गृहपाठ

पहिला आठवडा: खर्च मांडा, दिवसाचा दर काढा, उद्यम नोंदणी करा.
दुसरा आणि तिसरा आठवडा: एक प्रकल्प, वर दिलेल्या सहाही पायऱ्यांसकट.
चौथा आठवडा: तीस नावांची यादी, त्यातल्या दहा जणांना मेल.

घरच्यांनी दिलेल्या वर्षाचे सहा महिने अजून बाकी आहेत. तेवढ्यात असे तीन प्रकल्प आणि साठ नीट लिहिलेले मेल सहज होतात. काम मिळेल याची हमी मी देऊ शकत नाही, कुणीच देऊ शकत नाही. पण वर्षाअखेरीस वडिलांसमोर बसाल तेव्हा लाइकच्या आकड्याऐवजी तुमच्या हातात हिशेबाची वही असेल: इतके मेल, इतकी उत्तरं, इतकी बिलं. पुढे चालू ठेवायचं की थांबायचं, हे त्या वहीवरून दोघं मिळून ठरवा.

तुमचा दिवसाचा दर किती निघाला, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!