दुसऱ्या गावची प्रत

१० मार्च २०२१ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, फ्रान्समधील स्त्रासबूर शहरी ओव्हीएचक्लाउड या कंपनीच्या संगणक-केंद्राला आग लागली. चार इमारतींपैकी एक समूळ जळाली, दुसरीचाही काही भाग गेला. सुदैवाने कोणी दगावले नाही. पण ज्यांनी आपल्या दप्तराची प्रत अन्यत्र ठेवली नव्हती, अशा कित्येकांचे दप्तर कायमचे गेले. वाचकहो, असा प्रसंग तुमच्या संस्थेवर आला तर दुसऱ्या दिवशी काम सुरू होईल काय?

हल्ली एकाच दणकट संगणकात अनेक आभासी संगणक चालतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एका वाड्यात चार बिऱ्हाडे नांदावीत, तसाच हा प्रकार. सोय मोठी, पण वाडा कोसळला की चारही बिऱ्हाडे उघड्यावर! मात्र असे मशीन म्हणजे शेवटी काही फायलीच, आणि फायलींची नक्कल दुसऱ्या गावी ठेवता येते.

तेव्हा प्रथम कागद-पेन्सिल घ्या आणि दोन प्रश्नांची उत्तरे लिहा. किती वेळाच्या नोंदी बुडाल्या तर सोसेल? आणि काम किती वेळ बंद राहिले तर निभेल? पतसंस्थेचे उत्तर निराळे, ग्रंथालयाचे निराळे. पुढचा सारा खर्च या दोन उत्तरांवर ठरतो.

उदाहरणादाखल विंडोज सर्व्हरमधील हायपर-व्ही घेऊ. २०१२ च्या आवृत्तीपासून त्यात ही सोय आहे. दुसऱ्या गावी एक सर्व्हर उभारून त्याला प्रती स्वीकारण्याची परवानगी द्यावी. फायरवॉलमधील वाटही आठवणीने उघडावी लागते. माहिती इंटरनेटवरून जाणार असेल तर प्रमाणपत्र वापरून ती सांकेतिक रूपात पाठवावी. मग मूळ सर्व्हरवर एकेका मशीनची प्रत धाडणे सुरू करायचे. पहिली प्रत मोठी असते; जोडणी संथ असेल तर ती डिस्कवर उतरवून गाडीने नेली तरी चालते. त्यानंतर केवळ झालेले बदल जातात. ३० सेकंदांनी, ५ मिनिटांनी की १५ मिनिटांनी, ते तुम्ही ठरवायचे.

कुणी म्हणेल, झाले तर मग! आता बॅकअप कशाला? पण थांबा. ही प्रत फार आज्ञाधारक असते. कारकुनाने चुकून खाते पुसले, की तिकडचेही पुसले जाते. दर तासाची मागली अवस्था राखून ठेवता येते खरी, पण ती २४ तासांपर्यंतच. चूक आठवड्याने ध्यानात आली तर? म्हणून निराळा, नेटवर्कपासून तोडलेला बॅकअप हवाच.

आणि तोही तपासलेला हवा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून भलत्याच सर्व्हरवरील माहिती पुसली गेली. तेव्हा कळले, की नेहमीचा बॅकअप मुळी होतच नव्हता! सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत हाती होती, तिच्यावर निभावले. मधल्या नोंदी मात्र बुडाल्या.

यासाठी तालीम करावी. हायपर-व्हीत प्रतीवरून चाचणीचे मशीन उभे करता येते, आणि मूळ काम चालूच राहते. फक्त ते मशीन चालू नेटवर्कला जोडू नये. घड्याळ लावून पाहा: किती वेळ लागला? आधी कोणते मशीन सुरू करायचे? पासवर्ड कोणापाशी आहे? ही उत्तरे छापील कागदावर ठेवा; संगणकातच ठेवाल तर ऐन वेळी सापडायची नाहीत.

शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मूळ सर्व्हर बंद पडला, तरी हायपर-व्ही आपण होऊन प्रतीवर काम सुरू करीत नाही. तो हुकूम माणसानेच द्यायचा असतो. तुमच्याकडे तो कोणी द्यायचा, आणि ती व्यक्ती रजेवर असेल तर कोणी, हे आजच ठरवून टाका.