मोहल्ला कमिटी आहे, पण पोलिसांवर लक्ष कोणाचं?

एपिसोड छोटा, प्रश्न मोठा. पोलीस आपल्यावर लक्ष ठेवतात. पोलिसांवर कोण ठेवणार?

आधी भिवंडी. १९८४ साली तिथे भीषण दंगल झाली. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू-मुस्लिम शेजारी आणि पोलीस नियमित एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

मग अडचण काय? अशा कमिट्या पोलिसांच्याच पुढाकाराने चालतात. साहेबांची बदली झाली की उत्साह ओसरू शकतो. शिवाय कमिटी शांतता राखायला मदत करते. चौकीत कुणाला मारहाण झाली तर चौकशी तिच्या हातात नाही. मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे कोड लिहिणाऱ्यानेच तो पास करायचा नसतो. इथेही तेच हवं.

२००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सुप्रीम कोर्टाने राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितलं. महाराष्ट्राने २०१४ च्या कायदादुरुस्तीत जिल्ह्याऐवजी विभाग धरला. एका विभागात कितीतरी जिल्हे! गावातल्या माणसाने तक्रार घेऊन किती लांब जायचं?

शिकागोत २०२३ पासून २२ पोलीस डिस्ट्रिक्टमध्ये प्रत्येकी ३ जण लोकांनी मत देऊन निवडलेले असतात. पोलिसांना शिक्षा ते देऊ शकत नाहीत, पण त्यांची बैठक दर महिन्याला, सगळ्यांसमोर होते.

तुमच्या भागात कमिटी असेल तर दोनच गोष्टी विचारा: सदस्य कोणी निवडले? आणि बैठकीत काय ठरलं, ते कुठे वाचायला मिळेल?