चुकीचा हिशेब आणि चुकीचं ओझं



वार्षिक सर्वसाधारण सभेला दोन तऱ्हेचे कार्यकर्ते हमखास दिसतात. पहिल्याच्या हातून मागे काही चुकलेलं असतं. ते पावसावर, ठेकेदारावर नाहीतर आधीच्या संचालक मंडळावर ढकलून तो मोकळा होतो. दुसरा भला माणूस. पाणीपुरवठा संस्थेचा एक निर्णय चुकला, चार माणसं टाकून बोलली, आणि तेव्हापासून तो मागच्या रांगेत बसतो तो बसतोच. पुन्हा म्हणून पुढे होत नाही. आमच्या मते संस्थेचं जास्त नुकसान या दुसऱ्यामुळे होतं. कारण अनुभव त्याच्याकडेच असतो, आणि तोही भरपूर किंमत मोजून घेतलेला.

अशा माणसाला डॉ. अब्दुल कलाम यांची एक हकीगत सांगावीशी वाटते. राष्ट्रपती कलाम सगळ्यांना ठाऊक आहेत. ही गोष्ट त्याच्या फार आधीची.

10 ऑगस्ट 1979, श्रीहरिकोटा. एसएलव्ही-3 म्हणजे उपग्रह सोडण्यासाठी आपल्या देशाने बांधलेलं पहिलं रॉकेट. उंची 22 मीटर, वजन 17 टन, म्हणजे साधारण एका ट्रकातल्या उसाइतकं. प्रकल्पाचे प्रमुख कलाम. उलटी मोजणी चालू असताना दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत आम्लाची गळती दिसली. साठा पुरेसा आहे, काळजी नको, असं जाणकारांनी सांगितलं आणि कलामांनी उड्डाणाला होकार दिला. पहिला टप्पा झकास चालला. दुसऱ्यात तोल सुटला आणि 317 सेकंदांत कैक वर्षांची मेहनत समुद्रात गेली.

पत्रकारांना त्या दिवशी इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः सामोरे गेले आणि अपयश अंगावर घेतलं. (असा अध्यक्ष मिळायलाही नशीब लागतं म्हणा!) पुढे आढावा बैठकीत सहकारी तांत्रिक कारणं मांडत होते, तेव्हा कलाम उभे राहिले. गळती किरकोळ समजण्याचा निर्णय माझा होता, मोजणी मी थांबवायला हवी होती, असं त्यांनी सर्वांसमक्ष सांगून टाकलं. लगेच कामाला लागले. 18 जुलै 1980 रोजी 35 किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचला. त्या दिवशी मात्र धवनांनी पत्रकारांपुढे कलामांना पाठवलं. तेव्हा तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्राचे संचालक आपले वसंतराव गोवारीकर होते, हेही जाता जाता सांगायला हवं.

आपल्याकडे ज्याचं रान जादा पाण्यानं एकदा चोपण झालं, तोच चर काढायचा सल्ला सगळ्यांत नेमका देऊ शकतो. पण त्यानं तो मान वर करून द्यायला हवा. आणि आपणही "आधी तुझं रान बघ" असं म्हणून त्याला खाली बसवता कामा नये. धवनांनी कलामांना बसवलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

इथवरची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. आम्हाला मोलाची वाटते ती तिच्या पुढची.

साल 1989. कलाम आता क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे प्रमुख. ओडिशातल्या चांदीपूरला 'अग्नी'ची तयारी झाली. 20 एप्रिलला उड्डाणाला 14 सेकंद उरले असताना संगणकानं थांबायची खूण केली, आणि अखेर त्या दिवशीचं उड्डाण रद्द करावं लागलं. 1 मे रोजी 10 सेकंद उरले असताना पुन्हा तेच. वर्तमानपत्रांतून टिंगल सुरू झाली, व्यंगचित्रं निघाली. अमूलनं तर अग्नीला इंधन म्हणून आमचं लोणी वापरा, असा फलक लावला! साऱ्या देशाचं लक्ष लागलेलं. अशा वेळी कुणालाही वाटेल, आता रेटून न्यावं. दहा वर्षांपूर्वी त्यांनी नेलंच होतं. या खेपेला मात्र दोन्ही वेळा ते थांबले. थांबले म्हणजे हातपाय गाळून बसले नाहीत. बिघाड कुठला ते शोधलं, दुरुस्ती केली, सगळी तपासणी पुन्हा केली, आणि नवी तारीख ठरवली.

22 मे 1989 रोजी सकाळी अग्नी झेपावलं.