बुडबुड्यांचा पडदा

वेल्ह्याच्या मढे घाटातून आणि भोरच्या वरंध घाटातून पश्चिमेकडे कोसळणारे पाणी महाड तालुक्यात उतरते, सावित्री नदीला मिळते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. पावसाळ्यात गोड्या पाण्याचा हा लोंढा खाऱ्या पाण्याला मागे रेटतो. उन्हाळ्यात नदीचा जोर ओसरला, की भरतीबरोबर खारे पाणी खाडीतून आत चढते. असे पाणी शिरले, की काठच्या विहिरी मचूळ होतात, भाताची खाचरे नापीक होतात.

खारे पाणी आत शिरते ते मुख्यतः तळाने. असे का? एक लिटर गोडे पाणी सुमारे १००० ग्रॅम भरते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून ते १०२५ ग्रॅमच्या आसपास भरते. एवढ्या फरकाने जड पाणी पाचरीसारखे गोड्या पाण्याखाली घुसते.

नेदरलँड्समध्ये समुद्राजवळच्या कालव्यांत जहाजांसाठी जलपाशाचे दार उघडले, की हेच घडते. तेथे काही ठिकाणी दाराजवळ तळाशी भोके पाडलेली आडवी नळी टाकून तीतून दाबाने हवा सोडतात. वर चढणारे बुडबुडे भोवतालचे पाणी सोबत ओढतात. पृष्ठभागावर ते दोन्ही बाजूंना पसरते. त्यामुळे तळाने आलेले खारे पाणी उचलले जाते आणि त्यातील बरेचसे आल्या बाजूला परतते. म्हणजे हा पडदा भिंत नव्हे, तो एक प्रवाह आहे. हवा कमी पडली तर खारे पाणी निसटते. फार झाली तर घुसळण होऊन ते गोड्या पाण्यात मिसळते.

वर्गात हे सहज दाखवता येईल. काचेच्या टाकीच्या मधोमध घट्ट बसणारी फळी उभी करावी. एका बाजूला साधे पाणी आणि दुसऱ्या बाजूला तेवढ्याच उंचीपर्यंत शाई घातलेले मिठाचे पाणी भरावे. फळी उचलताच रंग तळाने धावतो. दुसऱ्या वेळी फळीलगत तळाशी भोके पाडलेली नळी ठेवून ती माशांच्या टाकीच्या पंपाला जोडावी. पंप चालू करून मग फळी उचलावी आणि रंगाचा वेग ताडून पाहावा.

मग बाणकोटला असा पडदा का नको? जलपाश अरुंद असतो आणि त्याचे दार थोडाच वेळ उघडे राहते. खाडी रुंद असून सदैव उघडी असते. तेवढी हवा सतत दाबायला लागणारी वीज परवडणार नाही. म्हणून कोकणात खारबंदिस्तीचे बांध घालतात. त्यांतील उघाडीची झडप भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते. तत्त्व सगळीकडे एकच असले, तरी उपाय त्या त्या जागेचाच शोधावा लागतो.