आत्मप्रसिद्धी आणि सार्वजनिक जागा

आपल्या व्यवसायाची माहिती लोकांना देणे हा दोष नव्हे. मात्र त्यासाठी सर्वांच्या मालकीची जागा विनापरवाना व्यापणे अनुचित होय. बेंगळुरू शहरात वाढदिवसाच्या शुभेच्छांपासून दुकानांच्या जाहिरातींपर्यंत असंख्य फलकांनी रस्ते व्यापले होते. वस्तुतः कर्नाटक राज्याच्या १९८१ च्या कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी जाहिरात लावण्यापूर्वी स्थानिक स्वराज्य संस्थेची लेखी परवानगी घ्यावी लागते. अखेर ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महानगरपालिकेने हजारो बेकायदा फलक उतरवले. जेथे नियम मोडणाऱ्याचाच फलक सर्वांत मोठा दिसतो, तेथे परवानगी घेणाऱ्या प्रामाणिक दुकानदाराचे नुकसान होते. त्याला न्याय मिळावा आणि रस्ता नागरिकांसाठी मोकळा राहावा, हाच अशा नियमनाचा हेतू असतो.