मुठेकाठचा मे महिना

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. कसबा पेठेची हद्द संपून मंगळवार पेठ सुरू होते तिथे, कुंभारवेशीपासून हाकेच्या अंतरावर, रस्त्याकडेला ताडपत्र्या अंथरल्या जातात आणि शहराने टाकून दिलेले सगळे त्यांवर मांडले जाते. बंद पडलेली घड्याळे, पंख्यांच्या मोटारी, मोडके कॅमेरे, पाने-पकडी, पितळी नळ, किल्ल्या हरवलेली कुलपे आणि कुलपे हरवलेल्या किल्ल्या. एप्रिल-मे आला की इथल्या गिऱ्हाइकांत परीक्षा संपलेल्या पोरांची भर पडते. सोबत एखादा हौशी काका नाहीतर निवृत्त आजोबा असतात. कुणाला खेळण्यातली छोटी मोटर हवी असते, कुणाला गळाच्या काठीचे रीळ, कुणाला नुसताच पत्र्याचा चांगला तुकडा. वस्तू चालते का, हे इथे फारसे कुणी विचारत नाही. ती चालवायची कशी, हाच तर सुट्टीतला उद्योग.

कसब्याला असल्या उद्योगांची सवय जुनी आहे. तांबट आळी, कुंभारवाडा, शिंपी आळी, कागदीपुरा, भोई आळी ही नावे वाचली तरी पेठेत कुणाकुणाचे हात चालत होते ते कळते. कुंभारांना माती आणि पाणी हवे, कागद्यांना लगदा भिजवायला पाणी हवे, आणि भोयांचे तर अर्धे आयुष्य पाण्यात. पालखी-मेणे खांद्यावर वाहणे हा त्यांचा एक व्यवसाय, नदीत जाळे टाकणे हा दुसरा. पुण्यातली ही सर्वांत जुनी वस्ती मुठेला धरून वसली, ती उगाच नाही.

त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीचा पहिला धडा पोहण्याचा असे. वाळवलेल्या भोपळ्यांची जोडी किंवा झाकण घट्ट बसवलेला पत्र्याचा डबा पाठीला बांधायचा आणि विहिरीत नाहीतर नदीच्या डोहात उडी मारायची. मोटारी वाढल्या तशी ट्रकच्या चाकातली काळी ट्यूब आली. डब्याला कुठे बारीक भोक नाही ना, दोरीची गाठ ओली झाल्यावर सुटत नाही ना, ट्यूबचे पंक्चर टिकेल ना, हे ज्याचे त्याने तपासायचे. पोहणे आणि दुरुस्ती ही दोन्ही कामे एकाच वयात, एकाच काठावर शिकली जात.

त्या नदीत मासे किती होते, याची जुनी नोंद आहे. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. 1824 नंतर तो दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करत हिंडला. शेती, हवामान, पक्षी यांच्याबरोबर त्याने माशांच्याही नोंदी केल्या आणि भीमा, मुळा-मुठा या नद्यांतल्या अनेक जाती विज्ञानात प्रथमच नोंदवल्या. 1839 च्या सुमारास त्याचे हे काम प्रसिद्ध झाले. दख्खनी महसीर म्हणजे ‘टॉर खुद्री’ हा मासा त्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतूनच वर्णिला. ‘खुद्री’, ‘कोळस’, ‘मुल्या’, ‘नुक्ता’, ‘शिंघाला’ ही त्याने कानांनी टिपलेली स्थानिक नावे आजही माशांच्या लॅटिन नावांत आहेत. जाळे टाकणाऱ्यांनी साहेबाला मासा दाखवला, नाव सांगितले, आणि त्याने ते तसेच लिहून घेतले. सांगणाऱ्यांची स्वतःची नावे मात्र त्या जातींना मिळाली नाहीत.

आज कसब्याच्या घाटावर उभे राहून खुद्रीची वाट पाहण्यात अर्थ नाही. त्याचे कारण वरच्या अंगाला आहे. इंग्रज इंजिनिअर फाइफ याच्या आराखड्यावरून बांधलेले खडकवासला धरण 1879 मध्ये पुरे झाले आणि मुठेचे पाणी कालव्यात वळले. पुढे पानशेत, वरसगाव, टेमघर अशी धरणे वाढत गेली. चारही धरणे मिळून साधारण 29 टीएमसी पाणी साठते. त्यातून पुण्याची तहान भागते आणि उजवा कालवा हवेली, दौंड, इंदापूरपर्यंत जातो. पावसाळा सोडला तर धरणाखालच्या पात्रात सोडायला पाणी उरतेच कुठे? शहरातून वाहते ते मुख्यतः सांडपाणी, आणि त्यावर पोसलेली जलपर्णी मार्चपासून हिरवी चादर पसरते. देशी मासे मागे हटले. कमी प्राणवायूत तग धरणारे चिलापी आणि मांगूर तेवढे टिकले.

याच धरणांनी कसब्याला एक दिवस उलटा अनुभवही दिला. 12 जुलै 1961 रोजी सकाळी पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्याने दुपारी खडकवासल्याची भिंत गेली आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरले. कसबा, शनिवार, नारायण पेठेतले कित्येक वाडे त्या पाण्यात खचले. जुन्या घरांत पूररेषेची खूण दाखवणारी माणसे आजही भेटतात.

होड्यांची गोष्ट मात्र वेगळी. त्यासाठी कसब्यातून नदीच्या प्रवाहाबरोबर थोडेसेच खाली जायचे. संगमावर मुठेला मुळा मिळते आणि तिथून पुढे नदी रुंद, संथ होते, कारण खाली बंडगार्डनला बंधारा आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून 1850 मध्ये तो बांधला गेला. बंधाऱ्यामुळे संगमापर्यंत पाणी तुंबून राहते, आणि पुण्यातले नौकानयन याच तुंबलेल्या पाण्याची देणगी आहे. 1868 मध्ये साहेबलोकांनी इथे बोट क्लब काढला. तो पुढे रॉयल कॅनॉट बोट क्लब झाला, आणि बोट क्लब रोडला नाव मिळाले ते त्याच्यावरून.

अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे सीओईपीचा बोट क्लब 1928 चा. डेंगळे पूल ओलांडला की कसब्यातून तिथे चालत जाता येते. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर होणारा रेगाटा पाहायला काठावर पुणेकरांची गर्दी होते. कयाक बॅले, मशाल नृत्य, बाणाच्या आकारात धावणाऱ्या होड्यांचा ‘ॲरोहेड’ आणि सपाट बुडाच्या पंटवर उभे राहून केलेल्या मानवी रचना, असा तो खेळ. पंट काठीने रेटतात, कयाक दोन्ही टोकांना पाते असलेल्या एकाच वल्ह्याने चालते, आणि स्कल या अरुंद नावेत खेळाडू दोन हातांत दोन वल्ही घेऊन जायच्या दिशेला पाठ करून बसतो. त्याची बैठक रुळांवर मागेपुढे सरकते, त्यामुळे जोर हातांपेक्षा पायांतून येतो. पहिल्यांदा बसणारा जवळजवळ हमखास पाण्यात पडतो. नाव इतकी अरुंद असते की वल्ही हातातून सुटली की तोल गेलाच.

या खेळात पुण्याचे नाव देशभर गेले ते मात्र लष्करामुळे. दापोडीच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये आर्मी रोइंग नोड हे सैन्याचे नौकानयन केंद्र आहे. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे दुष्काळी गाव. तिथला दत्तू भोकनळ हा विहिरी खोदणाऱ्या बापाचा मुलगा. वल्हे त्याने पहिल्यांदा हातात धरले ते सैन्यात गेल्यावर, आणि सराव केला तो याच केंद्रात. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कलमध्ये तो तेरावा आला. 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या क्वाड्रपल स्कल्स शर्यतीत त्याच्या संघाने सुवर्णपदक जिंकले.

ज्याला क्लबात जायचे नाही, त्याच्यासाठी परातीतली नाव आहे. जत्रेत मिळणारी पत्र्याची ‘फटफट बोट’ एके काळी घराघरांत होती. आत मेणबत्ती लावली की ती फट्‌फट्‌ आवाज करत आपोआप पुढे जाते. हिचे पहिले पेटंट थॉमस पियो याने 1891 मध्ये इंग्लंडमध्ये घेतले. ती घरी करणे हा सुट्टीतला उत्तम प्रकल्प आहे आणि त्याचे सगळे सामान कसब्याच्या आसपास मिळते.

तांब्याची बारीक नळी फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडे मिळते. एकदम वाकवली तर ती चेपते. म्हणून आत बारीक कोरडी वाळू ठासून भरायची, मग पेन्सिलीभोवती दोन-तीन वेढे द्यायचे आणि वाळू झटकून काढायची. वेढ्यांची दोन्ही टोके नावेच्या बुडातून मागच्या बाजूला काढायची, पाण्याखाली राहतील अशी. भोकांभोवती डाख द्यायचा, नाही जमला तर एम-सील लिंपायचे. नावेसाठी तेलाच्या डब्याचा पत्रा चालतो. पत्रा कापायची कात्री, कानस, डाखाची तार हे सगळे रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हाताशी. कापलेली कड कानशीने मारायला विसरायचे नाही, ती बोटाला कापते. शेवटी नळी पाण्याने पूर्ण भरायची, वेढ्यांखाली पणती ठेवायची आणि थांबायचे.

थोड्या वेळाने नाव थरथरते. वेढ्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि नळीतले पाणी मागे जोरात फेकले जाते. वाफ नळीच्या थंड भागात पोचली की निवते, आकसते आणि बाहेरचे पाणी पुन्हा आत ओढून घेते. हे सेकंदात अनेकदा घडते. मग पाणी आत ओढताना नाव तेवढीच मागे का येत नाही? कारण बाहेर पडणारे पाणी एका सरळ धारेत जाते, आत येणारे मात्र टोकाभोवतीच्या सगळ्या दिशांनी गोळा होते. धारेचा धक्का एकाच दिशेचा, ओढ मात्र विखुरलेली. शाळेच्या पुस्तकातला न्यूटनचा तिसरा नियम परातीत डोळ्यांसमोर चालताना दिसतो.

तांब्याला इतके मऊ करून वळवण्यात ज्यांची हयात गेली ते तांबट याच पेठेत आहेत. तांबट आळीत भांड्यावर हातोडीने एकासारखे एक ठोके देत जातात, त्याला मठारणे म्हणतात. ठोक्यांमुळे भांड्याला चमक येते, शिवाय पत्रा कडकही होतो. फार कडक झाला तर तापवून पुन्हा मऊ करतात. नळी वाकत नसेल तर ज्योतीवर लाल करून घ्यायची, हे घरी नाव करणाऱ्या पोरालाही उपयोगी पडणारे ज्ञान आहे. बंब आणि घंगाळी यांची मागणी ओसरली तेव्हा यातल्या काहींनी दिवे, पेले, शोभेच्या वस्तू करायला घेतल्या.

मासेमारीची हौस मात्र आता पेठेबाहेर जाऊनच भागवावी लागते. गळाचे सामान साधे: बांबूची काठी, तंगूस, शिशाचा तुकडा, पिसाचा दांडा किंवा थर्माकोलचा तुकडा तरंगता ठेवायला, आणि आमिषाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी. गोळीत थोडी हळद किंवा हिंग घालावा की नाही, यावर गळवाल्यांत कधीच एकमत होत नाही. पाग टाकणे ही याहून अवघड विद्या. गोल जाळ्याच्या कडेला शिसे ओवलेले असते. अर्धे जाळे कोपरावर, थोडे खांद्यावर, एक कड दातांत धरून कंबरेतून वळत ते असे फेकायचे की हवेत पुरते उघडेल आणि पाण्यावर गोल पडेल. दातांतली कड वेळेवर सोडली नाही तर जाळ्याबरोबर माणूसही पाण्यात.

हौशी माणसाने दोन गोष्टी आधी पाहाव्यात. जलाशयांतल्या मासेमारीचे ठेके बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, त्यामुळे विचारूनच गळ टाकावा. दुसरे म्हणजे, खडकवासला हे पिण्याच्या पाण्याचे धरण आहे. तिथे उतरून बुडण्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. काठ उथळ दिसला तरी खाली गाळ असतो आणि पाऊल रुतले की निघत नाही. देहूच्या डोहात तर गळाचा प्रश्नच येत नाही, तिथले मासे इंद्रायणीचे म्हणून कुणी मारत नाही.

कसब्याच्या ताटात गोडा मासा येतो तो कुठून? गणेश पेठेतल्या मच्छी बाजारातून, आणि तिथे बराचसा उजनीहून. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमेवर उजनीचे धरण आहे. भिगवणच्या बाजारात तिथल्या कटला, रोहू, चिलाप्यांचा लिलाव होतो आणि माल टेम्पोने पुण्याला निघतो. म्हणजे कसब्याच्या काठाने वाहून गेलेल्या पाण्यातला मासा हमरस्त्याने पेठेत परत येतो. शहर सांडपाण्याचे काय करते हा प्रश्न त्या टेम्पोबरोबर पेठेच्या स्वयंपाकघरात पोचतो. मुळा-मुठेचा 44 किलोमीटरचा काठ सुशोभित करण्याचा प्रकल्प महापालिकेने हाती घेतला आहे. काठ किती देखणा झाला यापेक्षा पाण्यात काय टिकते, हे मासे पकडणाऱ्याला अधिक नेमके सांगता येईल.

मृगाचा पाऊस पडला की ओढ्यानाल्यांना चढणीचे मासे लागतात. शहराबाहेरच्या गावांत लोक रात्री बॅटरी घेऊन निघतात, पण हे मासे अंडी घालायला वर चढत असतात. त्या वेळी ओढा झाडून नेला की पुढच्या वर्षीची पैदास गेली. जुनी जाणती माणसे म्हणूनच या दिवसांत हात आखडता घेत.

जूनच्या मध्यात शाळा उघडतात, धरणातून विसर्ग सुरू झाला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीकाठचे उद्योग बंद होतात. हत्यारे मात्र माळ्यावर जात नाहीत. कसबा गणपती हा मानाचा पहिला गणपती, आणि पेठेतल्या मंडळांची हलत्या देखाव्यांची तयारी पावसाच्या सुरुवातीलाच चालू होते. राक्षसाची मान डावीकडून उजवीकडे वळवायची असेल तर गाडीच्या वायपरची मोटर लागते, तिच्या दांड्याला तरफ जोडावी लागते आणि तिथे कुणीतरी नीट डाख द्यावा लागतो. मे महिन्यात ज्याने परातीतली नाव चालवून दाखवली, त्याला मंडळाचा दादा हमखास बोलावून घेतो.